सॅम्पल बर्फात आलं होतं

मामा,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो जो माईकवर आला त्याने तुला सहनशील म्हटलं. एक म्हणाला, सुधाकररावांनी जन्मभर दुखणं सोसलं पण तोंडातून ब्र काढला नाही. दुसरा म्हणाला, सदा हसतमुख. तिसऱ्याला नवीन काही सुचेना, तो पुन्हा सहनशीलवर आला. तुझ्या फोटोपुढच्या मेणबत्त्या पंख्याच्या वाऱ्याने विझत होत्या आणि आई उठून उठून त्या पेटवत होती. पंखा बंद करायचं कोणाला सुचलं नाही. मी पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत दातओठ खात बसले होते.

मग माझं नाव पुकारलं. "आता त्यांची लाडकी भाची प्रज्ञा दोन शब्द बोलेल." मी मान हलवून नाही म्हटलं. मागे कोणीतरी हळहळलं, पोरीला रडू आवरत नाही म्हणून. रडू कसलं डोंबलाचं! मला राग आवरत नव्हता. माईक हातात आला असता तर मी सांगितलं असतं की हा माणूस बिलकूल सहनशील नव्हता. शेअर रिक्षात जास्तीचा माणूस कोंबला तर हा अंबरनाथपासून कॅम्प पाचपर्यंत ड्रायव्हरशी भांडत जायचा. वरणात मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचा. फक्त स्वतःच्या दुखण्याच्या बाबतीत हा पक्का खोटारडा होता, आणि अशा खोटारड्याला सहनशील म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.

ते दोन शब्द राहून गेले. ते इथे सांगते. मध्ये मध्ये बोलू नकोस, ती तुझी खोड होती.

"मजेत." हा तुझा शब्द. फोन केला, कसा आहेस विचारलं, की "मजेत". एकदा तू असाच मजेत होतास आणि मागून नर्सचा आवाज आला, "सहा नंबर, सलाइन संपली का बघा." मी विचारलं, कुठे आहेस? तू म्हणालास, कारखान्यात, आज जीन्सचा मोठा लॉट आलाय, मशीनचा आवाज आहे. सलाइनवर झोपून तू मला जीन्सची बटणं मोजून दाखवत होतास. मी तुझ्या नेहमीच्या हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा वेदनेने तुझे ओठ पांढरे पडले होते, आणि तरी तू म्हणालास, "आलीस का, मला वाटलंच."

आणि बदलापूरला आमच्या मांजर्लीत पाणी शिरलं ते वर्ष. आमचं घर तळमजल्यावर. आईने तुला फोनवर दहादा बजावलं, येऊ नकोस, पाण्यात उतरू नकोस. तुला थंडीचं वावडं, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गार पाण्यात हात घातला तरी तुझी बोटं ठणकायची. सिकलसेलच तो, रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकायच्या, बारीक नसांत अडकायच्या आणि मग हाडं आतून फुटल्यासारखी दुखायची. तरी तू आलास. कमरेएवढ्या पाण्यातून माझी सर्टिफिकेटं डोक्यावर धरून वरच्या मजल्यावर नेलीस. लॅब टेक्निशियनचा कोर्स मी करावा म्हणून तूच माझ्या मागे लागला होतास, त्या कागदांवर माझ्याइतकाच तुझा हक्क होता. पुढचे आठ दिवस तू अंबरनाथच्या खोलीवर एकटा कण्हत पडलास आणि आम्हाला सांगितलंस, सर्दी झालीय.

त्या कागदांबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मामाचे आभार काय मानायचे, असं वाटायचं. आता मानते. आणि लगेच पुढे सांगते की सर्दीचं जे खोटं बोललास त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही.

तुझ्या अशा खोटेपणामुळेच घात झाला, मामा. नाही, थांब. माझ्यामुळे झाला. पण तुझ्या खोटं बोलण्याची मला इतकी सवय झाली होती की तू जन्मात एकदा खरं बोललास ते मला ओळखता आलं नाही.

सरळ सांगते. आमची लॅब कॅम्प चारला. आजूबाजूच्या कलेक्शन सेंटरवर रक्त काढतात, बाईकवाला दुपारी बॅग भरून सगळीकडून गोळा करत फिरतो आणि संध्याकाळच्या सुमारास आमच्याकडे आणून टाकतो. रविवारी जेवायला यायचास तेव्हा मी तुला लॅबचे किस्से सांगायचे. तू ते असे ऐकायचास की जणू सिनेमाची स्टोरी. त्यातलाच एक किस्सा होमोसिस्टीनचा. खाल्लेल्या अन्नातून अंगात तयार होणारा हा एक पदार्थ. बी-ट्वेल्व्ह आणि फॉलिक अ‍ॅसिड पुरेसं असेल तर तो पुढे मार्गी लागतो, नसेल तर रक्तात साचतो, आणि साचलेला बरा नाही. तुमच्या सिकलसेलवाल्यांत तो बऱ्याचदा वाढलेला सापडतो. पण या टेस्टची एक गंमत आहे. रक्त काढल्यावर ते लगेच मशीनमध्ये फिरवून त्यातल्या पेशी वेगळ्या कराव्या लागतात, नाहीतर ते बर्फात ठेवावं लागतं. तसंच राहिलं तर नळीतल्या पेशी तो पदार्थ सोडत राहतात आणि चांगल्या माणसाचा आकडाही फुगून येतो.

"मग तुमचा बाईकवाला बर्फ ठेवतो का?" तू विचारलं होतंस.

"कुठचा बर्फ! बॅगेत त्याचा डबा असतो जेवणाचा."

"मग रिपोर्ट चुकीचे जात असतील."

"खाली शेरा मारतो ना आम्ही. सॅम्पल वेगळं करण्यास उशीर झाल्याने वाढ असू शकते, पुन्हा तपासणी करावी. एक बटण दाबलं की येतो."

तू भात कालवायचा थांबलास. "म्हणजे आकडा खरा असला तरी शेरा तोच?" मी हसून म्हटलं होतं, तू लॅब काढ मामा. आई म्हणाली, जेवा आधी. तेव्हाच माझ्या मुस्काटात मारली असतीस तर बरं झालं असतं.

जेवणावरून आठवलं. तू तेव्हा मासे-मटण-अंडी काहीच खात नव्हतास. वांगणीकडच्या कुठल्याशा जडीबुटीवाल्याने तुला सांगितलं की मांसाने रक्त तापतं आणि पेशी वाकतात. जो भन्तेंनाही उलट प्रश्न विचारायचा त्याने हे मात्र निमूट ऐकलं. दूध तुला लहानपणापासून चालत नव्हतं. सात वर्षं वरणभात, भाजी आणि काळा चहा. सरकारी दवाखान्यातली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी तेवढी न चुकता घ्यायचास. आणि दर रविवारी अंबरनाथच्या बाजारात बेबीमावशीकडून माझ्यासाठी बोंबील घ्यायचास, आमच्याकडे आणून द्यायचास आणि मी खाताना समोर बसून बघायचास. "काटा बघ," म्हणायचास. बोंबलाला कसला आलाय काटा. तुझ्या तोंडाला पाणी सुटायचं, ते दिसायचं मला. मी एकदाही तुझ्या ताटात तुकडा टाकला नाही. बी-ट्वेल्व्ह कशातून मिळतं हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते.

मग ते बघण्याचं झालं. बदलापूरचंच स्थळ, मुलगा नोकरीला, माणसं आपल्यातली, घर चांगलं. पोहे झाले, चहा झाला, आणि तू खिशातून तुझं सिकलसेलचं कार्ड काढून टीपॉयवर ठेवलंस. मुलाला म्हणालास, "माझी भाची वाहक आहे. तिला त्रास काही नाही. पण तुझं रक्त तपासून घे, तूही वाहक निघालास तर पोरं माझ्यासारखी होऊ शकतात." मुलाच्या आईने कप खाली ठेवला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी सांगणारच होते रे त्यांना. दुसऱ्या भेटीत, मुलाला एकट्याला, माझ्या पद्धतीने. त्यांचा निरोप आला, मुलीच्या रक्तात दोष आहे.

मी तुला त्या संध्याकाळी काय काय बोलले ते तुला पाठ असेल. शेवटी तू म्हणालास, "प्रज्ञे, माझ्यासारखा अजून एक जन्माला येऊ नये एवढंच मला वाटतं."

मी म्हटलं, "म्हणजे तू जन्मायला नको होतास?"

तू उत्तर दिलं नाहीस. चपला घातल्यास. एक चप्पल पायातून निसटली तरी तुला कळलं नाही, तू तसाच पायरी उतरलास, आणि आईने मागून हाक मारली. पायात मुंग्या येतात, जमीन नीट लागत नाही, असं तू आईला सांगितलं होतंस म्हणे. मला नाही. मला तू मजेत होतास.

मी पाच महिने तुझ्याशी बोलले नाही. रविवारी तू यायचास तेव्हा मी बाहेर जायचे. बोंबील मात्र फ्रिजमध्ये असायचे आणि ते मी खायचे. आपलं भांडण तिथेच अडकलं. तुझं बरोबर होतं, मुलाने तपासायलाच हवं होतं, हे मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. पण मी विचारलं त्याचं काय? तुला खरंच वाटायचं का, की तू नसतास तर बरं झालं असतं? मग माझी सर्टिफिकेटं कोण डोक्यावर घेणार होतं? उत्तर न देता निघून जायची तुझी हिंमत कशी झाली?

त्या पाच महिन्यांतच कधीतरी तू सिकलसेलच्या ओपीडीत गेलास. पायाच्या मुंग्यांचं मॅडमना सांगितलंस, म्हणजे डॉक्टरांशी तरी खरं बोललास. त्यांनी होमोसिस्टीन लिहून दिलं. वाढलेलं आलं तर पुढे बी-ट्वेल्व्ह बघू, इंजेक्शनं सुरू करू, असं त्या म्हणाल्या. तू आमच्याच अंबरनाथच्या सेंटरवर रक्त दिलंस.

माझ्या कॉम्प्युटरवर तुझं नाव आलं तेव्हा मी आधी चिडले. मला न सांगता टेस्ट करतोस काय! मग आकडा पाहिला. असायला हवा त्याच्या तिप्पट. समोर सेंटरचं नाव अंबरनाथ. म्हणजे बॅगेत आलं, म्हणजे फुगलेलं. मी बटण दाबलं आणि तुझ्या नावाखाली तो शेरा उमटला. सॅम्पल वेगळं करण्यास उशीर झाल्याने वाढ असू शकते. खाली माझी सही. या सगळ्याला चहाच्या घोटाइतका वेळ लागला असेल.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन. पाच महिन्यांतला पहिला.

"प्रज्ञे, खाली काय लिहिलंयस ते? मी बर्फात आणलं होतं."

"फेकू नकोस मामा. अंबरनाथची बॅग कशी येते मला माहितीये."

"अगं, खरंच. मी स्वतः—"

"तुझं खरंच मला माहितीये. सहा नंबरच्या बेडवरून पण तू खरंच बोलत होतास. ये इकडे, मी स्वतः रक्त काढते."

तू हसलास. "बरं बाई, तू म्हणशील तसं. येतो."

आला नाहीस. आणि मी परत बोलावलं नाही. माझा राग अजून पुरता उतरला नव्हता, तुला जरा ताटकळू दे म्हटलं. रिक्षावाल्याशी चार किलोमीटर भांडणारा माणूस तू, माझ्याशी त्या दिवशी का नाही भांडलास? आरडाओरडा करायचास, आईला मध्ये घालायचंस, लॅबमध्ये येऊन तमाशा करायचास. भांडायला तुला नेमकी तीच जागा सोडायची होती? ज्या एका गोष्टीसाठी तू भांडायला हवं होतंस तिथे तू शहाण्यासारखा हसलास, आणि परवा त्यालाच सगळे सहनशील म्हणत होते.

चार महिन्यांनी कारखान्यात सकाळी तुझ्या हातातून बटण पडलं. उचलायला वाकलास आणि उठलाच नाहीस. बरोबरच्यांनी पाणी मारलं, कांदा हुंगवला, कोणी म्हणालं ऊन लागलं. तोंड एका बाजूला गेलेलं पाहून सेठने स्वतःच्या गाडीत घालून नेलं. मेंदूत गुठळी. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी मी तुझ्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, कसा आहेस. पहिल्यांदाच तू मजेत म्हणाला नाहीस.

हॉस्पिटलमधल्या तुझ्या रक्तातून मी बी-ट्वेल्व्ह लावलं होतं. बर्फ, वेळ, सगळं जिथल्या तिथे. मशीनने जो आकडा दिला तो इतका कमी होता की मी पुन्हा लावलं. पुन्हा तोच. मी तो कागद घेऊन ओपीडीच्या मॅडमकडे गेले. त्यांनी तुझी फाइल काढली आणि जुना रिपोर्ट माझ्यापुढे धरला.

"हे मी तेव्हा पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याच लॅबचा शेरा होता, म्हणून परत करायला सांगितलं. ते परत आलेच नाहीत."

"शेरा मी लिहिला होता," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "याच्यामुळेच झटका आला असं मी म्हणणार नाही. सिकलसेलमध्ये तो तसाही येऊ शकतो. पण इंजेक्शनं सुरू केली असती. पायांना तरी नक्की फरक पडला असता."

मीही म्हणत नाही की तू वाचला असतास. ते कोणालाच सांगता येणार नाही, आणि ज्याला त्याला सांगत फिरून मला स्वतःला मोठी गुन्हेगारही करून घ्यायचं नाही. पण तू पायरीवर चप्पल विसरायचा थांबला असतास. मुंग्या गेल्या असत्या. एवढं तुझ्या हक्काचं होतं आणि ते मी एक बटण दाबून अडवलं.

तरीही, मामा, परवापर्यंत मला आत कुठेतरी वाटत होतं की तू फेकलंच असशील. सॅम्पल बॅगेतूनच आलं असेल, बी-ट्वेल्व्ह नंतर उतरलं असेल. माणूस स्वतःला वाचवायला काय काय धरून बसतो बघ.

परवा कार्यक्रम संपल्यावर खीर वाटत होते तेव्हा बेबीमावशी पुढे आली. मागे दाराशी बसली होती, पदराने डोळे पुसत. माझा हात धरून म्हणाली, "तुजा मामू लय चांगला व्हता गो. एकदा आल्ता माज्यापाशी, बोलला, मावशी, आज मावरा नको, नुसता बरफ दे. मी बोल्ली, बरफ काय खातंस काय र? तं बोलला, रक्ताला पायजेल, रिपोटला. स्टीलचा डबा आनलावता. मी भरून दिला डबा. त्याची बोटा बघ ना गो, मना माहीत हाय, थंड लागला का त्याला तरास व्हतो. मी बोल्ली, फडक्यात गुंडाल. तं बोलला, फडका नलीला पायजेल."

माझ्या हातातली खीर सांडली. आईला वाटलं, मला चक्कर आली.

काल लॅबमध्ये गेले ती सरळ खाली काजलच्या खिडकीवर. सॅम्पल घेते ती, कॅम्प पाचची सिंधी मुलगी, आमच्याकडे नवीन. तिला विचारलं, चार-साडेचार महिन्यांपूर्वी कोणी डब्यात बर्फ घेऊन आलं होतं का? तिला आठवायला क्षणही लागला नाही.

"वो डब्बेवाले अंकल? हां ना! लंगडत चालायचे थोडे. अंबरनाथ सेंटरवालीला पटवून ट्यूब घेऊन आले होते स्वतः. मी बोलली, अंकल, बैठो, टेबल पे रख दो. तर बोलतात, नाही, ये ऊपर जाएगा तब बैठूंगा. खिडकीसमोरून हललेच नाहीत. ऊपर भिजवाया तब गए." मग म्हणाली, "उनकी उंगलियां एकदम अकड़ गई थीं, दीदी. डब्याचं झाकण मी खोललं. सही करायला पेन पण पकडता येत नव्हता. मी बोलली, दुखता है क्या? बोले, नहीं नहीं, मजेत. कौन थे वो?"

"माझा मामा," मी म्हटलं.

"तो बोले क्यों नहीं? तू वरच तर होतीस!"

होय, मी वरच होते. तू खाली बर्फाचा डबा छातीशी धरून, तुझ्या त्या लंगडत्या पायावर भार देऊन उभा, आणि मी वर पंख्याखाली. एकदा नाव सांगितलं असतंस तर काजलने मला हाक मारली असती. पण मी तुझ्याशी कट्टी होते म्हणून मला त्रास द्यायचा नव्हता तुला, असंच ना? रांगेतल्या परक्या माणसासारखा तू माझ्या लॅबमध्ये आलास, कारण बाकी सगळं जरी माझ्यावर सोपवलंस तरी माझ्या लॅबच्या बॅगेवर तुझा विश्वास नव्हता. बरोबर होतं तुझं. आणि तो विश्वास नसल्याचं कारण मीच तुला जेवताना हसत हसत सांगितलं होतं.

मी लॅबचे मालक, आमचे सर, त्यांच्याकडे गेले. सांगितलं, रिपोर्टवरचा शेरा चुकीचा आहे, दुरुस्त करायचाय. सर म्हणाले, बंद झालेला रिपोर्ट उघडत नाहीत. मी म्हटलं, उघडा. सर म्हणाले, पेशंट वारलाय ना आता, काय फरक पडतो, उगाच लफडं होईल. तेवढ्यात अंबरनाथची बॅग आली, त्यात होमोसिस्टीनची दोन सॅम्पलं आणि बाईकवाल्याचा जेवणाचा डबा. बर्फ नव्हता. मी ती दोन्ही सॅम्पलं सरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ही मी लावणार नाही, यांना परत बोलवा, त्यांचा आकडा खरा असेल तर तो खरा दिसायला हवा. सर लालबुंद झाले. एवढी सॅम्पलं रोज येतात, एका मामापायी धंदा बंद करू का, म्हणाले. मी म्हटलं, मग शेऱ्याऐवजी बर्फ ठेवा, स्वस्त पडेल. काजल खिडकीतून आत बघत होती, तिने अंगठा दाखवला. माझी नोकरी आहे की नाही ते आज उद्या कळेल. तुझी भाची म्हणून मला एवढा तमाशा करता यायलाच पाहिजे होता, फक्त चार महिने उशीर झाला.

कॉम्प्युटरने तो रिपोर्ट उघडू दिला नाहीच. म्हणून मी त्याची नवीन प्रत काढली, छापलेला शेरा पेनने खोडला आणि खाली मराठीत लिहिलं: सॅम्पल बर्फात आलं होतं. पेशंटने स्वतः आणलं. आकडा बरोबर आहे. पेशंट खरं बोलत होता. खाली सही केली, तारीख टाकली. एक प्रत ओपीडीच्या मॅडमना दिली, त्यांनी ती फाइलला लावली.

दुसरी घरी आणली. आई तुझ्या फोटोची काच पुसत होती. मी कागद तिच्या हातात दिला. बाकीचं इंग्रजी तिला लागत नाही, पण माझं अक्षर लागतं. तिने खिडकीच्या उजेडाला धरून एकेक शब्द वाचला. दोनदा वाचला. मग कागदाची घडी केली, तुझ्या फोटोमागे सरकवली आणि काच पुसायचं फडकं हातात धरून तशीच उभी राहिली.

"सुध्याची बोटं ठणकली असतील ना गं?" तिने विचारलं. "इतका वेळ बर्फ धरला म्हणजे."

काजलचं बोलणं माझ्या अगदी ओठांवर होतं. झाकण, पेन, अकडलेली बोटं. आई माझ्याकडे बघत होती, पंचेचाळीस वर्षं तुझ्या काळजीने झोप उडाल्यासारखी. तू इतकी वर्षं तो शब्द का वापरत होतास ते मला तेव्हा कळलं, आणि कळल्यामुळे माझा राग जराही कमी झाला नाही.

"नाही गं," मी म्हटलं. "मजेत होता."